बर्फगाडी आणि टपालपेटी

माझा भाऊ वेंडेल आणि त्याची बायको ओडेट यांना जोडीने सोंगं काढायचं वेड लग्नाच्याही आधीपासूनचं. हॅलोवीन जवळ आला की आमच्या टॅनर्स फॉल्स गावात मोठी मिरवणूक निघते, आणि त्या मिरवणुकीत ही दोघं नाहीत असं एकही वर्ष मला आठवत नाही. एकदा ती वीज झाली होती आणि तो गडगडाट. पत्र्याची दोन झाकणं आपटत तो तिच्यामागून धावत होता. एकदा ती उकळत्या पाण्याचं पातेलं झाली आणि तो त्यातून पळू बघणारा लॉबस्टर. त्या लाल नांग्या त्यांच्या कोठाराच्या माळ्यावर अजून लटकतात.

पहिलं बक्षीस मात्र त्यांना कधी मिळालं नाही. ते जायचं क्लिफर्ड हास्केलकडे. क्लिफर्ड जुना सुतार, सत्तरीच्या पुढचा, तोंडाने फटकळ. तो आणि त्याची बायको बर्निस काय करतील ते आधी कुणाला कळत नसे, आणि केलं की बघणाऱ्याचं तोंड उघडंच राहायचं. ओडेट दरवर्षी दुसरी यायची, टाळ्या वाजवायची आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

मी त्यांच्या शेजारीच राहते, मध्ये फक्त एक कुंपण. म्हणून मार्चमध्ये जे झालं ते मला सगळ्यात आधी कळलं. मेपलचा रस गोळा करायचे दिवस होते. दोघं मागच्या रानात झाडांना टांगलेल्या बादल्या उतरवत होती. वारा नाही, काही नाही, आणि वरून एक वाळकी फांदी सुटली ती ओडेटच्या पाठीवर पडली. वेंडेलची हाक मी घरात ऐकली. तशी हाक मला पुन्हा ऐकायची नाही.

जूनमध्ये ती इस्पितळातून व्हीलचेअरवर परत आली. कमरेखाली जाणीव नव्हती, आणि ती येणारही नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

गाव वाईट नाही आमचं. दारात रोज कुणीतरी चीज घालून भाजलेल्या नूडल्सचं भांडं ठेवून जायचं. फ्रीज भरला, माझाही भरला. शेवटी ओडेट म्हणाली, "इव्हॉन, माझे पाय गेलेत, जीभ नाही गेली. या नूडल्स कोंबड्यांना घाल."

पण नूडल्सपेक्षा वाईट होतं ते लोकांचं बोलणं. सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागले होते. आणि बोलायचे ते तिच्याशी नव्हे, वेंडेलशी. एकदा बेकरीत काउंटरवरच्या बाईने वेंडेलला विचारलं, "तिला साखर चालते का हो?"

"तिलाच विचारा ना," ओडेट खालून म्हणाली. "ती इथेच आहे. तुमच्या काउंटरच्या जरा खाली."

वेंडेल मात्र गप्प गप्प झाला होता. तो मुळात लाजाळू, सोंगाच्या आतच काय तो मोकळा व्हायचा. आता तो तिच्याभोवती असा वावरायचा, जणू ती काचेची आहे. उठताना धर, बसताना धर, दार उघड, उंबऱ्यावरून ढकल. रात्री ती झोपली की आमच्या कुंपणाशी येऊन उभा राहायचा.

सप्टेंबरच्या अखेरीस मिरवणूक समितीच्या मिसेस जॉइस ऑल्डन आल्या. सोबत केकचा डबा, चेहऱ्यावर ते ठरलेलं हसू. मी तिथेच भोपळ्याच्या बिया निवडत बसले होते.

"ओडेट, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय," त्या म्हणाल्या. "यंदा तू मिरवणुकीच्या अगदी पुढे. घोडागाडीत. पांढरा झगा, डोक्यावर मेपलच्या पानांचा मुकुट. शरदाची राणी! तुला काहीसुद्धा करावं लागणार नाही."

"आणि वेंडेल काय होणार?"

मिसेस ऑल्डन जरा गोंधळल्या. "वेंडेल... वेंडेल घोड्याचा लगाम धरेल ना."

"म्हणजे मोतद्दार."

"अगं, तसं नाही..."

"जॉइस, राणीला काय काम असतं? हात हलवायचा. मी तीन महिने इस्पितळात हातच हलवत होते. मला नाही व्हायचं राणी. आम्ही स्पर्धेत नाव देणार, दरवर्षी देतो तसं. केक ठेवून जा, सफरचंदाचा असेल तर."

मिसेस ऑल्डन गेल्यावर वेंडेल हळूच म्हणाला, "यंदा राहू दे ना, ओडेट."

"का?"

"लोक बघतील."

"लोकांनी बघावं म्हणूनच तर सोंग काढतात, वेंडेल."

"तसं नाही गं. तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

"कळतंय. म्हणूनच चिडतेय." तिने खुर्ची त्याच्यासमोर आणून आडवी लावली. "त्या फांदीने माझ्याकडून बरंच नेलं. ऑक्टोबर मी तिला देणार नाही. बागेत जाणार, डोंगरावर रंगलेली पानं बघायला जाणार, मक्यात जाणार आणि मिरवणुकीतही जाणार. तू येणार नसशील तर मी इव्हॉनला घेऊन जाईन, आणि ती किती वाईट गाडी चालवते ते तुला माहीत आहे."

"ए," मी म्हटलं.

वेंडेल हसला. मार्चनंतर त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं पेल्कींच्या मळ्यावर गेलो. सफरचंदाच्या बागेत गवत कापलेलं होतं, खुर्ची नीट चालली. खालच्या फांद्यांवरची सफरचंदं ओडेटने स्वतः तोडली. गरम डोनट खाऊन तिघांच्या ओठांवर दालचिनीची साखर लागली. सगळं छान चाललं होतं. मग ती मक्याच्या भुलभुलैयाच्या तोंडाशी जाऊन थांबली. डोक्याइतक्या उंच मक्यातून कापलेल्या आडव्यातिडव्या वाटा. दोघं दरवर्षी त्यात शिरायची आणि वाट चुकली म्हणून एकमेकांवर खापर फोडत बाहेर यायची.

मळ्याच्या मालकीणबाई धावत आल्या. "अगं, आत कशाला? काल पाऊस पडलाय, चिखल आहे. तू इथे उन्हात बस, मी सफरचंदाच्या रसाचं गरम सायडर देते. फुकट!"

"फुकट का?" ओडेटने विचारलं.

पेल्कीबाई खुर्चीच्या वाटेतून बाजूला झाल्या.

"सायडर मी आल्यावर विकत घेईन," ती म्हणाली आणि चाकं फिरवून सरळ आत गेली. वेंडेल तिच्यामागे.

मी बाहेर उभी. बराच वेळ नुसती सळसळ ऐकू येत होती, मग भांडण.

"मी डावीकडे म्हटलं होतं!"

"तू म्हणालीस तेव्हा डावीकडे वाटच नव्हती!"

"थांब, चाक रुतलं."

"उचलू का?"

"मला नको उचलूस, चाक उचल!"

आणि मग मोठमोठ्याने हसू, दोघांचंही. पेल्कीबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. एवढ्यात आमच्या समोरची मक्याची भिंत थरथरली आणि ताटं मोडत ओडेट खुर्चीसकट बाहेर आली. वेंडेल मागून ढोपरभर चिखलात, तिच्या केसांत मक्याची तुसं.

"अहो, माझा मका!" पेल्कीबाई ओरडल्या. खऱ्याखुऱ्या संतापाने, नेहमीच्या मोठ्या आवाजात. "वाट सोडून यायचं नाही अशी पाटी लावलीय ना तिथे!"

ओडेटचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "हां! आता कसं बोललात! द्या सायडर, तिघांना."

गाडीतून परत येताना ती मागच्या सीटवर चिखल वाळवत बसली होती. मधेच म्हणाली, "वेंडेल, मका कसा आडवा झाला बघितलंस? ताडताड!"

"बघितलं. पेल्कीबाईंनीही बघितलं."

"यंदा मी बर्फगाडी होणार."

वेंडेलने गाडीचा वेग कमी केला. आमच्याकडे हिवाळा लागला की नारिंगी रंगाच्या, पुढे हे भलंमोठं लोखंडी पातं लावलेल्या गाड्या रस्त्यावरचा बर्फ सारत फिरतात. आणि घराघरांसमोर खांबावर रोवलेल्या टपालपेट्या त्यांच्या तडाख्यात सापडतात. एकही घर नाही ज्याची पेटी कधी उडालेली नाही. क्लिफर्ड हास्केलने तर आपली पेटी काँक्रीटमध्ये रोवली होती, तीही गेली.

"आणि मी?" वेंडेलने विचारलं.

"तू टपालपेटी."

"म्हणजे तू मला..."

"हो. तू मला ढकलायचं नाहीस. मी तुला ढकलणार. पडायचं, उठायचं, पुढे जाऊन पुन्हा उभं राहायचं. अख्खा मेन स्ट्रीट."

वेंडेल पुन्हा गाडीचा वेग वाढवू लागला. मग म्हणाला, "पेटीचा लाल झेंडा खरा लावू या. वर-खाली होणारा."

मला कळलं, की तो आता येणार.

पुढचे दिवस त्यांच्या कोठारात करवत आणि भांडणं, दोन्ही एकत्र चालू होती. खुर्ची झाकायची नाही असं ओडेटने बजावलं होतं. चाकं दिसली पाहिजेत, गाडीची चाकंच ती. पुठ्ठा आणि पातळ फळी यांचं वाकडं पातं बनवलं, नारिंगी रंग दिला, वर फिरता पिवळा दिवा बसवला, आणि तोंडाने फुंकायचा एक हॉर्न शोधून काढला. पातं खुर्चीला सरसाने चिकटवावं की स्क्रूने बसवावं यावरून वाद झाला, आणि घाईत सरस जिंकला. वेंडेलची पेटी मात्र सुबक झाली. आत जाड स्पंजचं अस्तर लावलं होतं, पडल्यावर लागू नये म्हणून. आत कागदाची पत्रं भरली, पडलं की दार उघडून बाहेर सांडतील अशी.

मिरवणुकीच्या दिवशी दुपारी लख्ख ऊन होतं आणि हवेत बोचरा गारवा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव लोटलं होतं. चेटकिणी, सांगाडे, भोपळे, पोरांना कडेवर घेतलेल्या मधमाश्या. हास्केल नवरा-बायको आले तेव्हा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ते छपराचा लाकडी पूल झाले होते. एका टोकाला क्लिफर्ड, दुसऱ्या टोकाला बर्निस, आणि मध्ये देवदाराच्या खऱ्याखुऱ्या फळकुटांनी शाकारलेलं छप्पर. त्याच्या खालून पोरं चालत होती. पुलाच्या कमानीवर बांधणीचं सालही कोरलेलं होतं.

ओडेटने नीट निरखून पाहिलं. "हरामखोर म्हातारा," ती आदराने म्हणाली.

मिसेस ऑल्डन यादी घेऊन आल्या. "ओडेट, निदान पुढे तरी ये. घोडागाडी रिकामीच आहे. हा उतार, तुझे हात दुखतील..."

"आमचा नंबर हास्केलांच्या मागे आहे ना? मग आम्ही हास्केलांच्या मागेच."

ढोल वाजले आणि रांग हलली. आमची पाळी आली, तेव्हा काय झालं ते मला नीट आठवतं. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पण त्या टाळ्या अशा मऊ, सावकाश, एखाद्याला निरोप देताना वाजवतात तशा. एक बाई तर डोळे पुसत होती. वेंडेल पेटीच्या आत होता, फक्त तोंड दिसत होतं, आणि ते पांढरंफटक पडलं होतं. तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. ओडेटने हॉर्न वाजवला, दोन्ही हातांनी चाकं फिरवली आणि उतारावरून सरळ त्याच्यावर जाऊन आदळली.

धाड! वेंडेल आडवा. पत्रं रस्ताभर.

टाळ्या थांबल्या. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. एवढी शांतता, की पिवळ्या दिव्याची घरघर ऐकू येत होती.

ओडेट ओरडली, "रस्त्यात पेटी रोवायला कुणी सांगितलं होतं रे?"

सगळ्यात आधी खो-खो हसले ते रस्ता खात्याचे लोक. नेहमी खऱ्या गाड्या चालवणारे तेच. हातात कॉफीचे कप घेऊन बँकेसमोर ओळीने उभे होते, एकाची कॉफी तर नाकातून आली. मग त्यांच्यामागचे हसले, मग समोरचे. तोवर वेंडेल धडपडत उठला, झेंडा वर केला आणि तुरुतुरु पुढे पळून पुन्हा ऐटीत उभा राहिला.

"पाड! पाड!" पोरं किंचाळायला लागली.

तिने पाडलं. वाचनालयासमोर पाडलं, दवाखान्यासमोर पाडलं, चर्चच्या पायऱ्यांसमोर तर पाद्रीबुवांनीच बोट दाखवून "इकडे, इकडे!" केलं. आता कुणी डोळे पुसत नव्हतं. लोक आपापल्या उडालेल्या पेट्यांच्या गोष्टी ओरडून सांगत होते. "आमची दोनदा उडवलीत! भरपाई द्या!" "अर्ज करा!" ओडेट उलट ओरडायची.

नदीच्या पुलाच्या अलीकडे गटाराच्या जाळीवर चाक आपटलं आणि सरसाने दगा दिला. पातं सुटून रस्त्यावर पडलं. मिसेस ऑल्डन धावत निघाल्या, मीही पाऊल पुढे टाकलं. ओडेटने आम्हा दोघींकडे असं बघितलं की आम्ही जागच्या जागी थांबलो. ती वाकली, पातं उचललं, मांडीवर उभं धरून दातांत हॉर्न पकडला आणि तशीच पुढे गेली. शेवटचा तडाखा तिने एका हाताने चाक फिरवत दिला. जरा तिरपा बसला, पण वेंडेल इमानदारीने पडला.

बक्षीस समारंभ चौकातल्या बँडच्या चौथऱ्यापाशी होता. परीक्षकांनी आपसात कुजबुज केली आणि मिसेस ऑल्डननी माइक हातात घेतला.

"यंदाचं पहिलं बक्षीस," त्यांचा आवाज पुन्हा तसाच मऊ झाला होता, "आपल्या सगळ्यांना प्रेरणा देणाऱ्या, अतुलनीय धैर्य दाखवणाऱ्या ओडेट आणि वेंडेल यांना!"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. बक्षीस म्हणजे निळ्या फितीचं गोल फूल. इतकी वर्षं तिला हवं होतं तेच. वेंडेलने तिच्याकडे पाहिलं. ती पुढे गेली, फीत घेतली नाही, माइक घेतला.

"कशासाठी म्हणालात?"

"धैर्यासाठी, ओडेट."

"धैर्याची स्पर्धा कधी जाहीर झाली? मी तर सोंगाच्या स्पर्धेत नाव दिलं होतं."

मिसेस ऑल्डन लालबुंद झाल्या. "अगं, आम्ही प्रेमाने..."

"प्रेमाने केक दिलात, मी खाल्ला. पण इथे नको." ती वळली. "क्लिफर्ड! खरं सांगा, आमचं सोंग तुमच्यापेक्षा सरस आहे का?"

क्लिफर्ड पुलाच्या टोकातून डोकं बाहेर काढून उभा होता. बर्निसने दुसऱ्या टोकाकडून त्याला ढोसलं, सगळ्यांना दिसेल असं. पण तो क्लिफर्डच.

"नाही," तो म्हणाला. "हसू आलं. पण तुझं पातं निखळलं. रंगाचे ओघळ आलेत. आणि सरस कुणी लावला? स्क्रू मारायला काय झालं होतं? माझ्या छपराचं प्रत्येक फळकूट मी हाताने तासलंय. आमचं सरस आहे."

लोकांत कुजबुज झाली, एकजण "लाज नाही" असंही म्हणाला. ओडेट मात्र हसत होती. "ऐकलंत? जूनपासून या गावात माझ्याशी सरळ बोललेला हा दुसरा माणूस. पहिल्या पेल्कीबाई. द्या फीत त्यांना."

"मला तुझ्या हातची नको," क्लिफर्ड गुरगुरला. "मी काय भिकारी आहे? परीक्षकांनी पुन्हा ठरवावं आणि नीट द्यावी."

मग परीक्षकांना पुन्हा डोकी जुळवावी लागली. या वेळी बराच वेळ लागला. पहिलं बक्षीस हास्केल. टाळ्या, शिट्ट्या. दुसरं बक्षीस, लोणच्याची बरणी आणि तिचं न उघडणारं झाकण झालेलं एक नवं जोडपं, नुकतंच गावात राहायला आलेलं. तिसरं, ओडेट आणि वेंडेल.

"तिसरं?" ओडेटचं हसू उडालं. "तिसरं? लोणच्याच्या मागे?"

"पातं निखळलं, ओडेट," एक परीक्षक चाचरत म्हणाले.

"पातं निखळलं म्हणून काय झालं? खऱ्या गाडीचंही निखळतं! विचारा त्या रस्ता खात्यातल्या लोकांना! ती बरणी नुसती उभी होती, काय केलं तिने? वास तरी आला का लोणच्याचा?"

"नियम बघितले तर..."

"दाखवा नियम!"

ती त्या परीक्षकाशी दिवे लागायच्या वेळेपर्यंत भांडली असती. गंमत म्हणजे तोही आता भांडत होता. हातवारे करून, आवाज चढवून. मिसेस ऑल्डनही मध्ये पडल्या आणि "तू नेहमीच हरल्यावर अशी करतेस!" असं चक्क ओरडल्या. त्या दोघी नंतर नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत.

मी वेंडेलला चौथऱ्याच्या मागे नेऊन पेटीतून बाहेर काढलं. त्याच्या कोपरावर, गुडघ्यावर काळेनिळे डाग उठले होते. स्पंज एवढ्या पडण्याला पुरला नव्हता.

"मूर्खा, जरा हळू पडायचंस," मी म्हटलं.

तो पायरीवर बसला. कोपर चोळायला लागला. मला वाटलं दुखतंय. पण तो रडत होता आणि हसतही होता.

"इव्हॉन, मार्चपासून मी तिला धरतोय," तो म्हणाला. "रोज रात्री वाटायचं, माझ्या हातून पडली तर? आज तिने मला आपटलं. पार जोर लावून आपटलं गं. तिच्या खांद्यात केवढी ताकद आलीय, मला कल्पनाच नव्हती."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडे ओडेटचा आवाज चौकाच्या वर चढला होता. क्लिफर्डही आता तिच्या बाजूने बोलत होता आणि लोणच्याच्या बरणीला नावं ठेवत होता.

थोड्या वेळाने ती आली, छातीवर तिसऱ्या बक्षिसाची पांढरी फीत वाकडी टोचलेली, गाल तांबडे, आवाज बसलेला.

"चोर आहेत सगळे," ती म्हणाली. "वेंडेल, ऊठ. ऊन आहे अजून. दलदलीकडची टॅमरॅकची झाडं पिवळी झालीयत म्हणे, वाऱ्याने झडायच्या आत बघून येऊ."

"या अवतारात?"

"या अवतारात."

"तिथला रस्ता खडीचा आहे."

"मग तू गाडी चालव आणि मी शिव्या देते."

मी माझी पर्स उचलली. ओडेटने माझ्याकडे पाहिलं.

"तू कुठे निघालीस? आम्ही दोघंच जातोय."

वेंडेलने गाडीचं दार उघडलं. तिने दोन्ही हातांवर स्वतःला उचललं, सीटवर सरकली, आणि त्याने खुर्ची मिटून मागे टाकली, वर टपालपेटी ठेवली. पेटीचा झेंडा काचेतून बाहेर डोकावत होता. गाडी नदीच्या पुलावरून पलीकडच्या रस्त्याला लागली, तेव्हा आत काहीतरी वाद सुरू झालेला मला इथून दिसत होता. ती हात नाचवत होती आणि तो मान हलवत नाही म्हणत होता.